विषाणू निदानातील प्लास्मिड : ‘नाही’ या उत्तराची खात्री

छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई या जोडशहरात पद्मनाभपूर नावाची वसाहत आहे. मार्च २०२० मध्ये या राज्यात कोविड-१९ च्या तपासणीला आरंभ झाला, तेव्हा तेथील एखाद्या रहिवाशाच्या नाका-घशातून घेतलेला नमुना शीतपेटीतून रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडे पाठविला जाणे क्रमप्राप्त होते. कारण राज्यातील या तपासणीची पहिली प्रयोगशाळा तेथेच होती. समजा, अशा एका नमुन्याचा अहवाल आला : ‘विषाणू आढळला नाही’. या तीन शब्दांच्या आधारे ती व्यक्ती घरी परतणार, वृद्ध आईवडिलांच्या शेजारी बसणार, कामावर रुजू होणार. परंतु या उत्तराचे दोन अर्थ संभवतात. नमुन्यात विषाणू खरोखरच नव्हता, हा एक. विषाणू होता, पण तपासणीच नीट झाली नाही, हा दुसरा. रसायन वाटेत तापून निकामी झाले असेल, विकर मिसळायचे राहिले असेल किंवा यंत्रात बिघाड असेल. यंत्राच्या पडद्यावर मात्र दोन्ही वेळी सारखीच सपाट रेषा दिसते.

हा संशय दूर करण्याचा एकच मार्ग आहे. ज्यात विषाणूचे जनुक निश्चितपणे आहे असा एक नमुना प्रत्येक वेळी रुग्णांच्या नमुन्यांबरोबर तपासावयाचा. तो ‘होय’ म्हणाला, तरच शेजारच्या ‘नाही’ला अर्थ प्राप्त होतो. या नमुन्यास ‘पॉझिटिव्ह कंट्रोल’ म्हणतात. आपण त्यास नियंत्रण नमुना म्हणू. जिवंत विषाणू हाताळल्याविना हा नमुना हवा तितका तयार करता येतो, आणि त्याच्या मुळाशी असते प्लास्मिड नावाचे डीएनएचे एक लहानसे वलय. त्याचे कार्य, त्यामागील विज्ञान आणि भारताला त्याची भासलेली निकड यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आरएनएच कशासाठी?

कोरोना, इन्फ्लुएन्झा, डेंग्यू, चिकुनगुन्या, निपाह या सर्व विषाणूंचे आनुवंशिक द्रव्य डीएनए नसून आरएनए आहे. पीसीआर ही तपासणी मात्र डीएनएच्या प्रती वाढविते. म्हणून प्रथम आरएनएचे रूपांतर डीएनएमध्ये करावे लागते. हे काम ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज’ हे विकर करते. हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला आणि १९७५ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ‘आरटी-पीसीआर’ या नावातील पहिली दोन अक्षरे या विकराची निदर्शक आहेत. पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली व १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूचे जनुक डीएनएच्या रूपात प्लास्मिडमध्ये ठेवलेलेच असेल, तर तेच नियंत्रण नमुना म्हणून का वापरू नये, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर तपासणीच्या रचनेत आहे. डीएनए वापरला तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजची गरजच उरत नाही. ते विकर पूर्णपणे निकामी असले, तरी नियंत्रण नमुना ‘होय’ असेच उत्तर देईल आणि बाधित रुग्णांचे नमुने मात्र ‘नाही’ म्हणत राहतील. ज्या दोषावर पहारा ठेवावयाचा, तोच दोष पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटेल. म्हणून नियंत्रण नमुना आरएनएचाच असावा लागतो आणि प्लास्मिड हे तो आरएनए तयार करण्याचा साचा ठरते.

प्लास्मिड : जीवाणूतील स्वतंत्र वलय

जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहान, बहुधा वर्तुळाकार वलये आढळतात. ती स्वतःच्या प्रती स्वतंत्रपणे तयार करतात. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये त्यांना ‘प्लास्मिड’ हे नाव दिले. स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ मध्ये प्लास्मिडमध्ये परका डीएनए जोडून तो जीवाणूत वाढविता येतो हे दाखविले आणि जनुक अभियांत्रिकीचे युग सुरू झाले. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘पीबीआर-३२२’ हे प्लास्मिड ४,३६१ क्षारकजोड्यांचे असून पुढील अनेक प्लास्मिडांचे ते पूर्वज ठरले.

प्रयोगशाळेतील अशा प्लास्मिडचे चार भाग परीक्षार्थींनी लक्षात ठेवावेत. पहिला, प्रतिकरणाचा उगमबिंदू. यामुळे प्लास्मिडच्या प्रती वाढतात. दुसरा, निवड करण्यासाठीचे प्रतिजैविकरोधी जनुक; ज्या जीवाणूंनी प्लास्मिड स्वीकारले तेवढेच अँपिसिलीनसारख्या प्रतिजैविकात तग धरतात. तिसरा, परके जनुक बसविण्याची जागा. येथे निर्बंधन विकरांनी डीएनए कापता येतो. चौथा, प्रवर्तक; म्हणजे ‘येथून आरएनए लिहावयास प्रारंभ करावा’ अशी खूण. पहिले तीन भाग बहुतेक सर्व प्लास्मिडांत असतात. आरएनए निर्मितीचे प्लास्मिड वेगळे ठरते ते चौथ्यामुळे.

टी-७ : एका विषाणूचे विकर, दुसऱ्याच्या शोधासाठी

हा प्रवर्तक बहुधा ‘टी-७’ या जीवाणूभक्षी विषाणूपासून घेतलेला असतो. टी-७ हा एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूला ग्रासणारा विषाणू. त्याचे आरएनए पॉलिमरेज हे विकर एकाच प्रथिन साखळीचे, ८८३ अमिनो आम्लांचे बनलेले आहे. जीवाणूचे स्वतःचे विकर मात्र अनेक उपघटकांचे असते. टी-७ चे विकर जीवाणूच्या विकरापेक्षा सुमारे पाचपट वेगाने आरएनए लिहिते. त्याहून महत्त्वाचा गुण म्हणजे त्याची निष्ठा. ते स्वतःचा १७ अक्षरी प्रवर्तक ओळखते आणि इतर डीएनएकडे जवळजवळ ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे प्रवर्तकापुढे जे जनुक ठेवाल त्याचीच प्रत मिळते. १९८४ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम स्टुडियर व सहकाऱ्यांनी या विकराचे जनुक वेगळे करून ते जीवाणूत मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची सोय केली. तेव्हापासून परीक्षानलिकेत आरएनए तयार करणे ही नित्याची बाब झाली.

निर्मितीचे टप्पे

कोविड-१९ च्या विषाणूचा संपूर्ण आराखडा २९,९०३ न्यूक्लिओटाइडांचा आहे. त्यातील आवरण-प्रथिनाचे, म्हणजे ‘ई’ जनुक केवळ २२८ न्यूक्लिओटाइडांचे आहे. नियंत्रण नमुन्यासाठी एवढा तुकडा पुरेसा होतो. तो संपूर्ण विषाणूच्या एक टक्क्यापेक्षाही कमी आहे. तेवढ्यातून विषाणू तयार होऊ शकत नाही आणि संसर्गही होऊ शकत नाही. विषाणू हाती नसला, तरी जाहीर झालेल्या अक्षरक्रमावरून हा तुकडा रासायनिक पद्धतीने जोडून घेता येतो.

तो तुकडा प्लास्मिडमध्ये टी-७ प्रवर्तकाच्या पुढे बसवितात. प्लास्मिड जीवाणूत वाढवून शुद्ध करतात आणि अक्षरक्रम वाचून खात्री करून घेतात. त्यानंतर निर्बंधन विकराने वलय जनुकाच्या टोकाशी एकाच जागी कापून सरळ करतात. हा टप्पा किरकोळ वाटला तरी आवश्यक आहे. वलय अखंड राहिले तर विकर थांबण्याची जागा न सापडल्याने फिरत राहील आणि कमीअधिक लांबीचे आरएनए तयार होतील. कापलेल्या टोकापाशी ते गळून पडते आणि ठरावीक लांबीची प्रत मिळते.

सरळ केलेल्या साच्यात टी-७ विकर, चारही न्यूक्लिओटाइडे आणि मॅग्नेशियमयुक्त द्रावण मिसळून मिश्रण सुमारे दोन तास ३७ अंश सेल्सिअसवर ठेवतात. एका साच्यावरून आरएनएच्या अनेक प्रती निघतात. आता नळीत दोन्ही असतात, नवा आरएनए आणि जुना डीएनए साचा. हा साचा ‘डीएनेज’ या विकराने नष्ट करावाच लागतो. अन्यथा वर सांगितलेला दोष मागील दाराने परत येतो. साचा खरोखर नष्ट झाला की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. तयार आरएनए रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजविना पीसीआरमध्ये घालावयाचा. उत्तर ‘नाही’ आले तर नमुना शुद्ध; ‘होय’ आले तर डीएनए शिल्लक आहे.

प्लास्मिडविना एक जवळची वाटही आहे. पीसीआरच्या प्रारंभकालाच टी-७ प्रवर्तकाची शेपटी जोडली, तर वाढविलेला डीएनए थेट साचा म्हणून वापरता येतो. ही रीत जलद आहे. मात्र प्लास्मिड जीवाणूसह गोठवून ठेवता येते आणि वर्षानुवर्षे तोच साचा पुन्हा मिळविता येतो.

एका नॅनोग्रॅमचे गणित

कृत्रिम आरएनएचा आणखी एक लाभ असा की, त्यातील प्रतींची संख्या मोजता येते. रुग्णाच्या नमुन्यात किती विषाणू आहेत हे आधी ठाऊक नसते. कृत्रिम आरएनएबाबत ते गणिताने काढता येते. आरएनएतील एका न्यूक्लिओटाइडचे सरासरी रेणुवस्तुमान सुमारे ३२० धरतात. समजा, आपली प्रत ५०० न्यूक्लिओटाइडांची आहे. तिचे रेणुवस्तुमान सुमारे १ लाख ६० हजार होईल. अ‍ॅव्होगॅड्रो संख्येवरून हिशेब केल्यास अशा आरएनएच्या एका नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३७६ कोटी प्रती असतात.

हे द्रावण दर वेळी दहापट विरळ करीत गेल्यास नवव्या पायरीला जेमतेम तीन-चार प्रती उरतात. या पायऱ्यांवर तपासणी चालवून ‘ही पद्धत किमान किती प्रती ओळखू शकते’ हे ठरविता येते. पीसीआरच्या प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात. त्यामुळे दहापट फरक भरून काढण्यास सुमारे ३.३२ आवर्तने लागतात. दहा लाख प्रती १८ व्या आवर्तनाला दिसत असतील, तर एक हजार प्रती साधारण २८ व्या आवर्तनाला दिसावयास हव्यात. त्या ३१ व्या आवर्तनाला दिसू लागल्या, तर कोठेतरी काहीतरी क्षीण झाले आहे, हे प्रयोगशाळेस वेळीच कळते. ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच सांगणारी तपासणी अशा रीतीने आपल्या प्रकृतीचेही निवेदन करू लागते.

पुण्याचा अनुभव

कोविड-१९ च्या विषाणूचा अक्षरक्रम जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास जगासमोर आला. त्याच महिन्यात बर्लिनमधील शारिटे रुग्णालयातील ख्रिश्चन ड्रोस्टेन यांच्या गटाने तपासणीची पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष विषाणू त्यांच्या हाती नव्हता. २००३ च्या सार्स विषाणूशी असलेले साम्य आणि कृत्रिम आरएनए यांच्या आधारे त्यांनी पद्धतीची पारख केली होती.

भारतात या कामाची प्रथम जबाबदारी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून तिची स्थापना झाली. १९७८ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमधील त्रिशूर येथे आढळलेल्या देशातील पहिल्या रुग्णाचे निदान याच संस्थेतील तपासणीने निश्चित झाले. आरंभी देशात एकट्या या संस्थेत तपासणी होत असे. जून २०२० मध्ये मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची संख्या एक हजारावर पोहोचली.

या वाढीतील अडचण यंत्रांपुरती मर्यादित नव्हती. अनेक विषाणू निदान प्रयोगशाळांत इन्फ्लुएन्झाच्या तपासणीमुळे पीसीआरची यंत्रे आधीच होती. परंतु प्रत्येक नव्या प्रयोगशाळेस नियंत्रण नमुना हवा होता, तोही प्रत्येक तपासणी-फेरीत. परदेशातून येणारा आरएनए शीतसाखळीतून यावा लागतो आणि त्याचे प्रमाण थोडे असते. त्यातच मार्चच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानवाहतूक थांबली. रुग्णांच्या नमुन्यांतून काढलेला आरएनए वाटून देणे हा मार्ग शेकडो प्रयोगशाळांना पुरणारा नव्हता. विषाणू मोठ्या प्रमाणावर वाढवावयाचा, तर उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते.

अशा वेळी पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी परीक्षानलिकेत प्रतिलेखन करून विषाणूच्या जनुकांचा कृत्रिम आरएनए तयार केला व तो देशातील निदानासाठी नियंत्रण नमुना म्हणून विकसित केला. त्यांचा हा अहवाल ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. लसीच्या वा औषधाच्या बातमीसारखी या कामाची चर्चा झाली नाही. तथापि जेथे हा नमुना नाही, तेथे यंत्र, तंत्रज्ञ व रसायने असूनही विश्वासार्ह अहवाल देता येत नाही, हे ध्यानी घेतल्यास त्याचे मोल कळते. या कामासाठी लागणारे मनुष्यबळ संकटकाळात एकाएकी उभे राहत नाही. १९५२ पासून विषाणूंवर सातत्याने काम करणारी संस्था देशात होती, म्हणूनच काही आठवड्यांत ते शक्य झाले.

मर्यादा व धोके

नियंत्रण नमुना हा सर्व दोषांवरील उपाय नव्हे. तो शुद्ध आरएनएच्या रूपात तपासणीच्या उत्तरार्धात मिसळला जातो. नाकातून नमुना नीट घेतला होता का, त्यातून आरएनए नीट वेगळा झाला का, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी रुग्णाच्याच नमुन्यातील एखादे मानवी जनुक, उदाहरणार्थ ‘आरनेज पी’, तपासतात. ते आढळले नाही तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो.

दुसरी मर्यादा उत्परिवर्तनाची. नियंत्रण नमुन्यातील अक्षरक्रम गोठलेला असतो. विषाणू मात्र बदलत राहतो. २०२० च्या अखेरीस इंग्लंडमध्ये पसरलेल्या अल्फा प्रकारात काटा-प्रथिनाच्या जनुकातील सहा अक्षरे गळाली होती. त्यामुळे काही तपासणी संचांत ते जनुक दिसेनासे झाले, जरी नियंत्रण नमुना बिनचूक ‘होय’ म्हणत होता. एकाहून अधिक जनुके तपासण्याचा आग्रह याचसाठी धरला जातो.

तिसरा धोका विपुलतेतून उद्भवतो. एका नॅनोग्रॅममध्ये कोट्यवधी प्रती असतील, तर सूक्ष्म थेंबाच्या शिंतोड्यानेही शेजारच्या नळ्या दूषित होतात आणि निरोगी व्यक्ती बाधित ठरते. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने राज्यांना पाठविलेल्या संचांत, ज्यात विषाणू नाही असे नमुनेही ‘होय’ असे उत्तर देऊ लागले. पुढे केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात एका घटकात कृत्रिम जनुकाची भेसळ आणि दुसऱ्या घटकाच्या रचनेतील दोष आढळून आला. त्या देशाचे तपासणीचे मोलाचे आठवडे यात वाया गेले. म्हणून कृत्रिम आरएनए तयार करण्याची खोली, रुग्णांचे नमुने हाताळण्याची खोली आणि रसायने मिसळण्याची खोली स्वतंत्र ठेवतात. पाण्याचा नमुना सोबत तपासून दूषितता नाही याची खात्री करतात. काही ठिकाणी कृत्रिम जनुकात मुद्दाम एखादी वेगळी खूण घालतात, जेणेकरून शंका आल्यास ‘हा विषाणू रुग्णाचा की आमच्याच नळीतला’ हे ओळखता येते.

नियमन

पुनःसंयोजित डीएनएवरील कोणतेही काम भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये १९८९ मध्ये केलेल्या नियमांच्या कक्षेत येते. संस्थेच्या पातळीवर संस्थात्मक जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागात जनुकीय परिवर्तन आढावा समिती आणि पर्यावरण मंत्रालयात जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती अशी ही त्रिस्तरीय रचना आहे. विषाणूचा लहान तुकडा बाळगणारे प्लास्मिड निरुपद्रवी असले, तरी ते वाढविणारा जीवाणू जनुकीयदृष्ट्या परिवर्तित असतो. त्यामुळे त्याची नोंद, साठवण व विल्हेवाट नियमानुसारच करावी लागते.

निदानाकडून लसीकडे

प्लास्मिडचा टी-७ प्रवर्तक निदानापुरता मर्यादित राहिला नाही. संदेशवाहक आरएनए लसीची निर्मितीही अशाच प्लास्मिडपासून सुरू होते. फरक असा की, तेथे प्रत पेशीने वाचावी यासाठी तिला टोपी व शेपटी जोडतात आणि मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळतात. या लसींचा पाया घालणाऱ्या कॅटालिन कारिको व ड्रू वाइसमन यांना २०२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या ‘जेमकोव्हॅक-१९’ या भारतीय बनावटीच्या पहिल्या संदेशवाहक आरएनए लसीस जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली. प्लास्मिड हीच लस, असाही प्रयोग भारतात झाला. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या ‘झायकोव्ह-डी’ या डीएनए लसीस ऑगस्ट २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. मानवी वापरासाठी मंजूर झालेली ती जगातील पहिली प्लास्मिड डीएनए लस होय.

समारोप

सार्वजनिक आरोग्याची क्षमता खाटा, यंत्रे आणि लसींच्या मात्रा यांच्या आकड्यांत मोजण्याची आपली सवय आहे. ती योग्यच आहे. परंतु या आकड्यांच्या मागे काही लहान वस्तू उभ्या असतात, ज्यांच्यावाचून मोठ्या वस्तूंचे काम अडते. तपासणीचा नियंत्रण नमुना ही अशीच एक वस्तू. पद्मनाभपूरच्या त्या रहिवाशाने आपल्या अहवालावरचे तीन शब्द वाचले, तेव्हा ते शब्द खरे आहेत याची साक्ष त्याच यंत्रातील दुसऱ्या एका नळीने दिलेली असते. पुढील साथ कोणत्या विषाणूची असेल हे आज सांगता येणार नाही. तिचा अक्षरक्रम हाती येताच त्याचा एक तुकडा प्लास्मिडमध्ये बसवून काही आठवड्यांत सर्व प्रयोगशाळांना नियंत्रण नमुना पुरविता यावा, एवढी तयारी मात्र आजच ठेवता येते. ती ठेवणाऱ्या संस्था आणि माणसे टिकविणे हा आरोग्य नियोजनाचा अविभाज्य भाग मानला गेला पाहिजे.